ताणाचा तुकडा

आमच्या घरातलं भांडण नेहमी पाण्यावरून झालं. नळाला पाणी नाही, टाकी भरली नाही, असली भांडणं लखनऊच्या जानकीपुरममध्ये घरोघरी होती, ती आमच्याकडेही होती. पण माझ्या नवऱ्याची नोकरीच मुळी पाणी न देण्याची होती. ज्या माणसाला पाणी न देण्याचा पगार मिळतो, त्याच्याशी संसार करणं म्हणजे काय, ते मला विचारा.

माझे यजमान डॉ. दिनकर बोरामणीकर. सोलापूरजवळचं बोरामणी हे त्यांचं गाव. २००० साली आम्ही लखनऊला आलो, ते तिथल्या एका सरकारी गहू संशोधन केंद्रात. केंद्रातल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या आडनावाचं शेपूट कापून टाकलं. 'बोरामणीकर' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून 'बोरा साहब'. हिंदीत बोरा म्हणजे पोतं. गव्हावर काम करणाऱ्या माणसाला पोतं म्हणायचं आणि वर अदबीने 'साहब' जोडायचं, हे लखनऊच करू जाणे. मला हसू आलं, त्यांना आलं नाही. मग ते चिडतात म्हणून मीही त्यांना बोरासाहेब म्हणू लागले आणि पुढे तीच सवय लागली. इथेही तेच म्हणते.

त्यांचं काम मला समजलंय तसं सांगते. उत्तर प्रदेशात भात उशिरा निघतो, ऊस त्याहून उशिरा. शेत मोकळं होऊन गहू पेरेपर्यंत डिसेंबर संपत येतो. मग मार्चमध्ये दाणा अजून दुधात असतो आणि पछुआ सुटतो. पछुआ म्हणजे पश्चिमेकडून येणारा कोरडा, गरम वारा. आठवडाभर तो वाहिला की ओंबीतला दाणा भरायचा राहतो आणि पोचट होतो. बोरासाहेबांना त्या वाऱ्यात उभा राहणारा आणि कमी पाण्यावर भागवणारा गहू काढायचा होता. त्यासाठी दोन गव्हांचा हाताने संकर करायचा, त्याची पोरं पेरायची, पोरांची पोरं पेरायची, आणि त्यातलं जे तग धरेल तेवढंच ठेवायचं. हे वर्षानुवर्षं. आणि तग धरतंय की नाही हे कळायचं तर त्याला तहानलेलं ठेवायला हवं. म्हणून केंद्राच्या रस्त्याकडेचा एक तुकडा त्यांनी राखून ठेवला होता. पेरताना जमिनीत असेल तेवढी ओल, त्यानंतर थेंब नाही. आमच्याकडे याला 'ताण देणं' म्हणतात. सोलापूरकडचा शाळू असाच येतो, जमिनीतल्या ओलीवर. "ताण बसल्याशिवाय मूळ खाली जात नाही," हे बोरासाहेबांचं आवडतं वाक्य होतं.

हे वाक्य त्यांनी शेतात ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. ते घरात आलं. मी माहेरी गेले की माझ्या कढीपत्त्याला ताण. मोगऱ्याला ताण. मोगरा तर दोन वर्षांत गेलाच. आमच्या मैत्रेयीने शाळेत जायला सायकल मागितली, तेव्हा तिलाही सहा महिने ताण दिला. तोवर पोरीने शेजारच्या मुलीच्या सायकलवर डबलसीट जायची सोय करून घेतली होती. "बघ, मूळ खाली गेलं," असं म्हणून हे हसले. मला असा संताप आला होता की विचारू नका.

दुसरी भानगड भाषेची. बोरासाहेबांचं हिंदी म्हणजे मराठीच्या शेवटी 'है'. आल्या आल्या एकदा ते केंद्रातल्या शिपायाला म्हणाले, "चलो, मुझे पीक दिखाओ." त्या बिचाऱ्याने त्यांना जिन्याखाली नेलं आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला कोपरा दाखवून हात जोडले, "साहब, कल ही साफ़ करवा देंगे." हिंदीत पीक म्हणजे पान खाऊन थुंकलेलं. बोरासाहेब तिथे उभे राहून म्हणाले, "साफ़ मत करवाओ, उसी के लिए तो मैं सोलापुर से आया हूँ." त्या केंद्रात ही गोष्ट वर्षभर चहाबरोबर चघळली जात होती. मैत्रेयीला मात्र हिंदी दोन महिन्यांत आलं. इतकं आलं, की आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाजच पडला. ती चुका काढायची. हे ऐकायचे नाहीत.

आता हरिहरबद्दल सांगायला हवं. हरिहर केंद्राचा ट्यूबवेल चालवायचा. धिप्पाड, मिशाळ, कुणाच्याही लग्नात रडणारा माणूस. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत बोरासाहेब दोन दिवस दिल्लीला गेले आणि परत येऊन बघतात तर ताणाचा तुकडा पाण्याने डबडबलेला. हरिहरने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "साहब, आप भूल गए थे. बेचारी मुरझा रही थी, हमसे देखा नहीं गया." आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ष फुकट. त्यांनी हरिहरला समजावलं, मग दरडावलं, मग पाटी लावली. हरिहर सगळं ऐकून म्हणाला, "साहब, दुश्मन को भी पानी पूछते हैं. यह तो गेहूँ है." तरी त्याने शब्द दिला आणि पाळलाही. पुढे तर तोच त्या तुकड्याचा राखणदार झाला. रोज तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायचा, एवढंच.

हरिहर सुधारला, पण साहेबलोकांना कोण सुधारणार? एका मार्चमध्ये कुणी मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. रस्त्याकडेचा तुकडा पिवळा दिसतोय म्हणून डायरेक्टरसाहेबांनी आदल्या आठवड्यात माणूस उभा करून त्याला पाणी पाजलं. हरिहर रजेवर होता. पाहुणे आले, बघतात तर गहू हिरवागार. डायरेक्टर म्हणाले, "सर, एक बूँद पानी नहीं दिया है. यही तो हमारे बोरा साहब का कमाल है." टाळ्या झाल्या, फोटो निघाला. बोरासाहेबांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, "नहीं सर, पानी दिया है. इस साल का ट्रायल रद्द." पाहुण्यांना काही कळलं नाही, ते हसून पुढे गेले. डायरेक्टरांना कळलं. तेव्हापासून ते ह्यांना पाण्यात पाहायला लागले.

मी त्या रात्री जेवताना म्हटलं, "एक वर्ष गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"आकडा खोटा पडला असता."

"कुणाला कळलं असतं?"

"गव्हाला," असं म्हणून त्यांनी ताक ओरपलं.

असं करत, कधी माणसांनी, कधी अवकाळी पावसाने वर्षं खाल्ली. पण जी कोरडी राहिली त्यांतून शेवटी एक ओळ पुढे आली. तिचा नंबर बासष्ट. बुटकी, पानं जराशी राखाडी, मेण चोपडल्यासारखी. पछुआ सुटला की शेजारच्या ओळी माना टाकायच्या आणि ही उभी. तपासणीतून उरलेला मूठ-दोन मूठ गहू हे घरी आणायचे, तो मी मिक्सरमध्ये दळायचे. सुरुवातीच्या पिढीची पोळी इतकी वातड, की मैत्रेयीने ती दोन्ही हातांनी ओढून दाखवली आणि म्हणाली, "पापा, इसका तो टायर बनेगा." (बाबाचं 'पापा' कधी झालं तेही मला कळलं नाही.) हे पुन्हा संकराला बसले. चार-पाच वर्षांनी पोळी मऊ झाली, संध्याकाळपर्यंत मऊ राहिली. त्या दिवशी बोरासाहेबांनी तुपाशिवाय तीन पोळ्या खाल्ल्या आणि मला म्हणाले, "नयना, हे वाण होणार."

वाण होणं म्हणजे काय, हे आमच्या घरात पाढ्यासारखं सगळ्यांना पाठ होतं. नुसती ओळ म्हणजे बारशाआधीचं बाळ. समितीने मंजूर केलं की तिला नाव मिळतं, बियाणं वाढवलं जातं, ते शेतकऱ्यापर्यंत पोचतं. नाही केलं तर ती केंद्राच्या शीतघरात पाकिटात पडून राहते आणि काढणारा माणूस गेला की तिचं कुणीच नसतं. बोरासाहेब २०११ च्या मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी बासष्टला नाव मिळायला हवं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. प्रमोशन तर डायरेक्टरांनी केव्हाच अडवलं होतं.

२००९ च्या सप्टेंबरात समितीची बैठक ठरली, हज़रतगंजातल्या एका सरकारी इमारतीत. कागद सगळे इंग्रजीत, व्यवस्थित. पण सरकारी कचेऱ्यांत तेव्हा हिंदी पंधरवडा पाळतात, त्यावरून डायरेक्टरसाहेबांनी टूम काढली, "हिंदी पखवाड़ा चल रहा है, बोरा साहब. आप अपनी बात शुद्ध हिंदी में रखिए, अच्छा असर पड़ेगा." मैत्रेयी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "पापा, एक बार मुझे सुना दो." हे म्हणाले, "नऊ वर्षं राहतोय मी लखनऊत. मला शिकवू नकोस."

बैठकीहून घरी आले ते हातात मलाई गिलौरीचा डबा घेऊन. हा माणूस मिठाई आणतो म्हणजे काय झालं असेल, या विचाराने मीच हरखले. आम्ही तिघं टेबलाशी बसलो आणि बोरासाहेब नाटकासारखं सांगायला लागले.

"पहिलाच प्रश्न अध्यक्षांचा. 'ये आँकड़े आपके केंद्र के हैं?' मी उठून उभा राहिलो. म्हटलं, 'जी श्रीमान. इन आँकड़ों पर मैंने आठ वर्ष संशोधन किया है.' एकदम शांतता! सगळे एकमेकांकडे बघायला लागले."

"मग?" मी विचारलं.

"प्रभाव पडला ना! अध्यक्षांनी चष्मा काढला. म्हणाले, 'संशोधन? आपने स्वयं?' मी म्हटलं, 'जी, स्वयं. किसी दूसरे को हाथ नहीं लगाने दिया.' मग विचारतात, 'आपके डायरेक्टर को इसकी जानकारी है?' म्हटलं, उगाच वैर कशाला, मोठेपणा देऊन टाकू. 'उन्हीं के आशीर्वाद से तो हुआ है.' डायरेक्टर बाजूलाच होते. त्यांचा चेहरा असा काही झाला, नयना! माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा नसणार बिचाऱ्यांना."

मैत्रेयीचा चमचा डब्यातच राहिला होता. "पापा. आपने संशोधन बोला?"

"मग काय रिसर्च म्हणू? शुद्ध हवं होतं त्यांना."

"सच में संशोधन बोला?"

"सारखं बोललो! शेवटी अध्यक्ष म्हणाले, 'तो क्या आगे भी करते रहेंगे?' मी म्हटलं, 'जी, मरते दम तक.'"

मैत्रेयीने कपाळाला हात लावला. "पापा, रिसर्च को शोध बोलते हैं! अनुसंधान बोलते हैं! आपके गेट पर लिखा है इतना बड़ा! संशोधन मतलब अमेंडमेंट. मतलब काट-छाँट. आप उनको बोलके आए हो कि आठ साल मैंने आँकड़े बदले. ख़ुद बदले. किसी को हाथ नहीं लगाने दिया."

नऊ वर्षं हा माणूस रोज 'अनुसंधान केंद्र' लिहिलेल्या पाटीखालून आत गेला, रोज बाहेर आला. मनातल्या मनात ती पाटी मराठीत वाचत होता. आणि एरवी सगळ्या जगाशी 'रिसर्च' म्हणून भागवलं, ते नेमकं त्या दिवशी शुद्ध बोलायला गेला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचा राग येत होता. बोरासाहेब डब्याचं झाकण लावत बसले. ते काही केल्या नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते हज़रतगंजला धावले. तिथल्या बाबूने शांतपणे ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाला, "समझ गए. तो आप कल की कार्यवाही में संशोधन चाहते हैं."

"नहीं! संशोधन नहीं चाहिए! वही तो ग़लत है!"

"जनाब, जो ग़लत है, उसे ठीक करने को ही तो संशोधन कहते हैं."

"लेकिन मैंने कभी संशोधन नहीं किया!"

"कल तो आपने फ़रमाया कि मरते दम तक करेंगे."

हा संवाद त्यांनीच मला सांगितला. सांगताना ते एकदाही हसले नाहीत. अध्यक्ष भला माणूस निघाला. त्याने चहा पाजला, मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय ते ऐकून पोट धरून हसला, आणि म्हणाला की आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं, पण सभेत बोललं गेलं आहे, नोंदलं गेलं आहे, आता आम्ही तसंच मंजूर केलं तर उद्या आमच्यावर बालंट येईल. तोडगा निघाला तो असा. ताणाच्या तुकड्यावर आणखी दोन वर्षं बासष्टची चाचणी घ्यायची. पेरणीला आणि कापणीला बाहेरचा निरीक्षक उभा राहील. दोन्ही वर्षी ती टिकली तर वाण मंजूर. दुसऱ्या वर्षाची कापणी होती २०११ च्या एप्रिलच्या मध्याला. म्हणजे निवृत्तीनंतर पंधरवड्याने. डायरेक्टर 'आशीर्वाद' प्रकरणापासून यांच्याशी धड बोलत नव्हते, पण तेवढे दिवस शेतात येऊ देतो म्हणाले.

म्हणजे बघा. एवढी वर्षं ज्या माणसाने एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, उलट भरसभेत उठून स्वतःचं वर्ष रद्द केलं, त्याच्यावर आकडे बदलल्याचा शिक्का, तोही त्याच्याच तोंडून. दोष कुणाला द्यायचा? मी हिंदी भाषेला दिला, मराठीलाही दिला, आणि भांडी आपटली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पहिलं वर्ष मात्र देवाने दिलं. २०१० चा मार्च असा तापला, की होळीनंतर लगेच कूलर काढावे लागले. केंद्रातले बाकीचे गहू भाजून निघाले. बासष्ट उभी. निरीक्षक आला, त्याने दाणे तळहातावर घोळवले, दोनदा वजन करायला लावलं. बोरासाहेब घरी येऊन म्हणाले, "एक झालं."

दुसऱ्या वर्षी ते धास्तावल्यासारखे आभाळाकडे बघायचे. ढग आला की जेवण सुटायचं. पण पाऊसही शहाण्यासारखा वागला. मार्च संपत आला तरी तुकडा ठणठणीत कोरडा, जमिनीत हात जाईल अशा भेगा, आणि वर बासष्टच्या ओंब्या भरत आलेल्या. दाणा दुधातून कणकेसारखा घट्ट व्हायला लागला होता. मैत्रेयी तोवर दिल्लीला नोकरीला लागली होती. ती रोज फोन करून एकच विचारायची, "बासठ कैसी है?"

एकतीस मार्चला निरोपसमारंभ होता. मी ठेवणीतली इरकल नेसले आणि बरोबर गेले. मांडव लावला होता, खुर्च्या, हार, समोसे. बोरासाहेब म्हणाले, "आधी तुकडा बघून येऊ. नंतर सगळे चिकटतील." आम्ही दोघं पायवाटेने निघालो. वाटेतच मला वास आला. तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा. एरवी त्या वासाने जीव सुखावतो. त्या दिवशी मी पावलं भरभर उचलली.

तुकडा भरलेला होता. भेगा बुजल्या होत्या, ओळींमधून पाणी चमकत होतं, दोन बगळे येऊन उतरले होते. बांधावर हरिहर उभा, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात फावडं, डोळे लाल. आम्हाला बघून तो पुढे आला आणि वाकून बोरासाहेबांच्या पायाला हात लावला.

"साहब, दस साल आपके हुक्म पर इसे प्यासा रखा. एक दिन नहीं चूके. आज आप जा रहे हैं, आपका काम पूरा हुआ. तो सोचा, अब तो बेचारी को पिला दें. जाते-जाते आपको दुआ देगी."

त्याला कापणीचं माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण साहेब निवृत्त झाले म्हणजे साहेबांचा ताणही निवृत्त झाला, असं त्याने धरलं होतं. बोरासाहेब बांधावर बसले आणि त्यांनी ओल्या मातीत बोट खुपसून पाहिलं. कशाला पाहिलं, देव जाणे. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मागून डायरेक्टर येऊन पोचले होते. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. आणि त्या माणसाने, ज्याने इतकी वर्षं आमचा छळ केला, पहिल्यांदा ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बोरा साहब, छोड़िए. कटाई में अभी पंद्रह दिन हैं. यह धूप देखिए, चार दिन में ज़मीन फिर फट जाएगी. निरीक्षक को क्या पता चलेगा? पूरे सीज़न तो सूखा ही था. आपकी क़िस्म निकल जाएगी."

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी डायरेक्टर देवासारखे वाटले. मी मनात ओरडत होते, हो म्हणा. एकदाच हो म्हणा. एक पाणी चुकून मिळालं, तेही मायेने. गहू खरा आहे, तुम्ही खरे आहात, मग एका पाण्याने काय जातंय? मी त्यांच्या दंडाला धरलंसुद्धा.

बोरासाहेब उठले. पँटची माती झटकली आणि शांतपणे म्हणाले, "नहीं सर. निरीक्षक को फ़ोन कर दीजिए कि पानी लग गया है. मैं इसमें संशोधन नहीं करूँगा."

मैत्रेयी असती तर तिने पूर्ण मार्क दिले असते. अकरा वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदा बरोबर वापरला.

चाचणी रद्द झाली. पुढच्या हंगामात नव्या साहेबांनी त्या तुकड्यात मका लावला. बासष्ट शीतघरात आहे, पाकिटात, अजून नाव नसलेली.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी बांधावर माझा तोल सुटला. मी मराठीत ओरडायला लागले. हरिहरला म्हटलं, मेल्या, दहा वर्षं कळ काढलीस, अजून पंधरा दिवस तुझ्या मायेला मुसकी घालता आली नाही? डायरेक्टरला म्हटलं, आज आलाय खांद्यावर हात ठेवायला? आणि ह्यांना म्हटलं, तुम्ही माणूस आहात की पाटी? आयुष्यभर घरादाराला ताण दिलात, कुणाचं मूळ कुठे गेलं ते दाखवा तरी एकदा! सोलापूरच्या बाया ओरडतात तसं, पदर खोचून, बगळे उडेपर्यंत ओरडले, आणि मग मला रडू फुटलं.

हरिहरला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. साहेबांच्या निरोपाने बाईंचं काळीज फाटलंय, एवढंच त्याला कळलं. त्याचेही डोळे भरून आले. तो मांडवाकडे तोंड करून ओरडला, "अरे भाई, मैडम को कोई पानी पिलाओ!"

दोन ग्लास आले, काठोकाठ भरलेले. आमच्याकडे एखाद्याला पाणी पाजणं म्हणजे त्याला हरवणं. हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? त्याने दोन्ही हातांनी ग्लास पुढे केला. मी तो घेतला आणि प्यायले. दुसरा त्याने बोरासाहेबांपुढे धरला. त्यांनी एकदा तुकड्याकडे पाहिलं, "शुक्रिया, हरिहर" म्हणाले, आणि एका दमात संपवला.